लाल तार माझी, पांढरी आपांची

मला सोल्डरिंग येतं, असं मी आयुष्यात एकदाच छाती काढून म्हणालो, आणि त्यापायी एका बाईची तीस वर्षांची इज्जत जाता जाता राहिली. ती कशीबशी राहिली, त्यातही माझी हुशारी काडीची नव्हती.

कापसाची ती वाईट वर्षं. वऱ्हाडात तेव्हा पावसापेक्षा पाहण्या जास्त पडायच्या. ज्या गावात एसटी दिवसातून एकदा जायची, तिथंही कुठल्या तरी संस्थेची जीप उभी दिसायची. अशाच एका पुण्याच्या संस्थेनं अमरावतीत एक खोली भाड्यानं घेतली होती. शेतकरी घरांतल्या बायकांच्या मुलाखती गावोगाव रेकॉर्ड होऊन तिथं यायच्या, आणि त्या ऐकून उत्तरं कागदावर उतरवायला आम्ही दोघं. एक मी. अकोल्याहून रोज अपडाऊन करणारा, बी.कॉम., वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला, म्हणून स्वतःला इंजिनिअरच्या शेजारी बसवणारा. दुसऱ्या आपा. उर्दू शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं अक्षर बघून माझं अक्षर लाजायचं. घरची शेती भातकुलीकडे, त्यामुळे डवरणी, निंदण, सरकी हे शब्द त्यांना विचारावे लागत नसत. मला लागत. मीही शेतकऱ्याचाच पोरगा, पण शेतात पाय कमी आणि बांधावरच्या सावलीत जास्त.

कामाची रीत पुण्याच्या मॅडमनं घालून दिली होती. प्रत्येक मुलाखत दोघांनीही ऐकायची. छापील फॉर्मवर प्रश्न क्रमानं दिलेलेच होते, खालच्या रिकाम्या जागेत बाईचं उत्तर, जसं बोलली तसं, लिहायचं. एकमेकांना विचारायचं नाही, डोकावायचं नाही. दोघांचे फॉर्म वेगवेगळ्या पाकिटांत पुण्याला जाणार आणि मॅडम तिथं ते ताडून बघणार. रीत चांगली होती. फक्त कॉम्प्युटर एक होता आणि हेडफोनही एकच.

स्पीकरवर लावायची सोय नव्हती. त्या बायकांना शब्द दिला होता की तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि आमच्या खोलीची भिंत होती प्लायवूडची. पलीकडे बारावीच्या फिजिक्सची ट्यूशन. पहिल्याच दिवशी स्पीकर लावून पाहिला, तर ट्यूशनचे सर दारात येऊन उभे राहिले.

"भाऊ, आवाज कमी करा नं. माझे पोरं गुरुत्वाकर्षण सोडून बोंडअळीच्या नोट्स घेऊन राहिले."

मग आम्ही एकच हेडफोन उलगडून एकेक कान वाटून घेतला. आपांचा उजवा, माझा डावा. दोन डोकी एकमेकांना चिकटतील इतकी जवळ आणि हात फॉर्म झाकायला. अर्ध्या तासात माझ्या डोक्याचं तेल आपांच्या ओढणीला लागलं. त्यांनी ओढणीचं टोक हुंगलं आणि म्हणाल्या, "बेटा, एवढ्या तेलात आमच्या घरी भजे होतात."

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, दुसरा हेडफोन घ्या, आणि एकाचे दोन करणारी पिन बाजारात तयार मिळते, तीही घ्या. इथं कुणीही शहाणा माणूस "बरं" म्हणाला असता. मी म्हणालो, "तयार कशाला मॅडम? मला सोल्डरिंग येतं. घरीच करतो."

येत होतं म्हणजे काय, तर शाळेत असताना मी वडिलांचा रेडिओ दुरुस्त करायला उघडला होता. तो उघडाच राहिला, एवढंच.

रविवारी अकोल्याला आईच्या पोळपाटावर कारखाना मांडला. पिनेची केबल सोलली तर आत तीन तारा निघाल्या. एक लाल, एक पांढरी आणि एक उघडी तांब्याची. आता तुमच्या लक्षात येईल की मी कितीही कॉम्प्युटर शिकलो तरी रक्तानं कुणबीच. समोर दोन हिस्सेदार आणि तीन तारा. माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. लाल तार माझी, पांढरी आपांची, आणि उघडी दोघांत सामाईक, धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या, विहिरीसारखी. तंटा नको. शिवाय दोन्ही कानांत आवाज यायला हवा, म्हणून माझा हेडफोन खुपसायच्या सॉकेटच्या दोन्ही पायांना लाल जोडली, आपांच्या सॉकेटच्या दोन्ही पायांना पांढरी. आईनं पोळपाटावरचा काळा डाग बघितला आणि विचारलं, "हे काय करून ठेवलं रे बाप्पा?"

मी म्हणालो, "वाटणी."

सोमवारी अमरावतीत कॉम्प्युटरवर एक जुनं गाणं लावून चाचणी घेतली. दोघांनाही दोन्ही कानांत सारखं, स्वच्छ ऐकू आलं. आपांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा बेटा! तू तो कारीगर निकला." पुढचे आठ-दहा दिवस जुन्या रेकॉर्डरवरच्या मुलाखती झाल्या, त्याही ठीक. मी इतका फुगलो की ट्यूशनच्या सरांना बोलावून ती जोडणी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून चिकटपट्टीत गुंडाळलेला तो गोळा पाहिला आणि म्हणाले, "वरून तं छान दिसते." मास्तर माणूस काही सुचवत असतो, पण आपल्याला तेव्हा कौतुकच ऐकू येतं.

मग संस्थेनं नवा रेकॉर्डर घेतला, आणि धामणगावच्या बाजूच्या गावांतल्या मुलाखती यायला लागल्या. आणि त्या सगळ्या बायका मुक्या निघाल्या.

खरंच. मी हेडफोन लावला की विचारणाऱ्या पोराचा आवाज खणखणीत. "काकू, यंदा काय पेरलं?" मग शांतता. चांगली मिनिटभर. मागे कुठं तरी मच्छराएवढी गुणगुण. मग तोच पोरगा, "बरं. आणि बियाणं कुणी ठरवलं?" पुन्हा शांतता. मी आवाज वाढवला तर पोरगा कानाचे पडदे फाडायला लागला, बाई काही बोलेना. एक फॉर्म, दोन फॉर्म, चार फॉर्म. रिकाम्या जागेत मी लिहायचो, "उत्तर नाही." मग ते फार कोरडं वाटायला लागलं म्हणून "मौन" लिहायला लागलो. गुणगुणीला "पार्श्वभूमीचा आवाज" असं नाव दिलं.

त्यात त्या दिवसांचं भारनियमन. दुपारी वीज जायची, बॅटरी पाच मिनिटं कुईंकुईं करून मरायची, आणि वीज आली की तीच मुलाखत पहिल्यापासून. तीच शांतता दुसऱ्यांदा ऐकायची! शांततेचा इतका संताप येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. एक बाई तर सव्वा तास बोलली नाही. मी मनात म्हणायचो, अगं माय, नाही तरी म्हण. थूं तरी म्हण.

आणि शेजारी आपा. खाली मान, पेन सरसर चालू. मी तिरक्या नजरेनं बघायचो. माझ्या कानात शांतता आणि त्यांचा कागद भरतोय. पोरगा प्रश्न विचारायला लागला की त्यांचं पेन थांबायचं, तो गप्प झाला की पळायला लागायचं. आज हे सांगताना शेंबड्या पोराच्याही लक्षात येईल. माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, आपा मनानं लिहितात. निवृत्त बाई, शेतीची माहिती आहे, बाया बोलत नाहीत म्हटल्यावर काम जाईल अशी भीती वाटली असेल, भरून टाकतात.

त्यांना विचारता येत नव्हतं, रीत तशी होती. विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण मी रीत पाळली. आयुष्यात जे दोन-तीन नियम मी काटेकोर पाळले, त्यातला हा एक.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्यात एक लेखक दबा धरून बसलेला होता, त्याला हे मौन सापडलं. मी तीन पानी टिपण लिहिलं. वऱ्हाडच्या बाईचे शब्द या वर्षांनी कसे पिऊन टाकले, जमिनीला जशा भेगा पडल्या तशी तिच्या बोलण्यालाही कशी भेग पडली वगैरे. लिहिताना माझेच डोळे भरून आले. ते पुण्याला पाठवलं. मॅडमचा फोन आला, "फार संवेदनशीलतेनं लिहिलंय तुम्ही." त्या दिवशी मी बडनेऱ्याच्या स्टेशनपर्यंत बसमध्ये उभ्यानं गेलो तरी पाय दुखले नाहीत.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्यांचा फोन आला. आवाज वेगळा. "अहो, तुमच्या फॉर्मवर मौन आहे आणि त्याच मुलाखतीच्या त्यांच्या फॉर्मवर पान भरून उत्तरं आहेत. हे कसं काय?"

इथं मी म्हणायला हवं होतं की मलाही कळत नाही, येऊन बघा. त्याऐवजी मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मॅडम, मी कुणावर आरोप करत नाही. पण ज्या वेळी कानात काहीच नसतं, त्या वेळी त्यांचं पेन चालू असतं."

आरोप करत नाही म्हणून जो आरोप केला जातो, तो फार लांब जातो. माझा तर मीच हातानं पोचवला. ट्यूशनच्या सरांना सांगितला. बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या पॅसेंजरमधल्या आमच्या अपडाऊनवाल्या टोळक्याला तर हातवारे करून सांगितला, पेन कसं सरसर चालतं ते नक्कल करून. लोक हसले. "रिटायर मास्तरीण पेपर स्वतःच सोडवून राहिली म्हणा की!" एक जण म्हणाला. तो विनोद मी दुसऱ्या दिवशी माझा म्हणून वापरला.

मॅडम गुरुवारी आल्या. दुपारची वेळ. मधल्या सुट्टीत ट्यूशनचे सर दारात उभे, का ते आम्हा दोघांनाच माहीत. मॅडमनं दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले आणि आपांना विचारलं, "हे तुम्ही कुठून लिहिलंत?"

आपांना आधी प्रश्नच कळला नाही. "कुठून म्हणजे? ऐकून."

"पण रेकॉर्डिंगमध्ये तर बाई बोलतच नाहीये."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तीस साल मी दुसऱ्यांच्या लेकरांचे पेपर तपासले. एक मार्क इकडचा तिकडं केला नाही. अन् आता या उमरीत मी एका गरीब बाईच्या तोंडी माझे शब्द घालीन?"

"मग लावा ती मुलाखत. मीही ऐकते," मॅडम म्हणाल्या आणि समोर पडलेला हेडफोन कानाला लावला. तो माझा होता. आपांनी त्यांचा घातला. मी मुलाखत सुरू केली.

मॅडम दोन मिनिटं ऐकत राहिल्या. "ही काय, बोलतेच आहे ती," आपा मध्येच म्हणाल्या, पण तो बचाव आहे असंच आम्हाला वाटलं. मग त्यांनी मान हलवली. "नाही आपा. मलाही काही ऐकू येत नाही. हे फॉर्म आम्हाला वापरता येणार नाहीत. आणि यापुढे..."

पुढचं आम्हाला सगळ्यांना कळलं. आपांनी हेडफोन काढला, टेबलावर ठेवला, ओढणी सारखी केली आणि पिशवी शोधायला लागल्या. पिशवीचा बंद काही केल्या हाताला लागत नव्हता.

आणि खोलीतल्या त्या शांततेत मला, माझ्या उघड्या कानांना, टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून एका बाईचा आवाज ऐकू आला.

बारीक, पण आवाज. पहिला विचार काय आला ते सांगतो, लाज वाटली तरी. वाटलं, आता वीज जावी. ज्या भारनियमनाला मी रोज शिव्या घालायचो ते मी त्या क्षणी मनापासून मागितलं. दोनला पाच मिनिटं होती. दोनला जायचीच. पाच मिनिटं मी खोकत राहिलो असतो तर आपा जिना उतरून गेल्या असत्या.

मी तो हेडफोन उचलून कानाला लावला.

"...म्या म्हटलं होतं मालकाले, धुऱ्याजवळ दोन ओळी ज्वारी पेरा, खायाले तरी होईन. कोण आयकते? सगळीकडं कापसाची पऱ्हाटीच. बियाणं कोनं ठरवलं म्हणता? दुकानवाल्यानं ठरवलं. आमाले कोनं इचारलं? तुमीच पहिले इचारून राहिले, भाऊ. लिहून घेजा बरं."

प्रश्न मात्र एकही नाही. पोरगा गायब.

मी मॅडमच्या कानावरचा हेडफोन जवळजवळ ओढलाच. त्यात पोरगा होता, बाई नव्हती. पुन्हा आपांचा. बाई. पुन्हा माझा. पोरगा. मॅडम म्हणाल्या, "काय झालं तुम्हाला?"

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही हा घाला."

त्यांनी आपांचा हेडफोन घातला. बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी गेली आणि दुसरीच, जास्त वाईट आठी आली. दारातून ट्यूशनचे सर आत आले, टेबलामागचा तो चिकटपट्टीचा गोळा त्यांनी उचलला, नखानं पट्टी सोलली आणि वर्गात शिकवावं तसं सांगितलं, "नव्या रेकॉर्डरले दोन माईक असतात. एक इचारणाऱ्याच्या कॉलरले, एक बाईच्या पदराले. एकाचा आवाज एका तारेत, दुसऱ्याचा दुसरीत. दोन्ही तारा दोघांले द्यायच्या असतात, भाऊ. तुमी तं सातबारा फोडल्यावानी वाटून टाकल्या." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जुन्या गाण्यात दोन्ही तारांत एकच आवाज. म्हणून तुमाले समजलं नाही."

आपांना प्रश्न ऐकू येत नव्हते, हे त्यांना खटकलं कसं नाही? मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रश्न छापलेले होतेच की. मला वाटलं, पुण्यावाल्यांनी जागा वाचवायला कापले असतील."

मॅडमनं आपांची माफी मागितली, फॉर्म परत स्वतःच्या पिशवीत घातले, माझं तीन पानी टिपण मला परत दिलं आणि म्हणाल्या, "चला, गैरसमज होता, मिटला." त्यांना पुढच्या गाडीची घाई होती. मीही सुटकेचा श्वास घेतला. पण आपा खुर्चीवर बसल्या त्या उठेनात.

"मिटला नाही," त्या म्हणाल्या. मॅडम गेल्यावर मला म्हणाल्या, "हे तू कुठं कुठं सांगितलं?"

"मॅडमना."

"अजून?"

"सरांना."

"ते तं इथंच होते, त्यांना समजलं. अजून?"

मी पॅसेंजरचं सांगितलं. नक्कल केली होती हे नाही सांगितलं, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईपुढे माझं तोंड म्हणजे उघडी वही.

"त्या गाडीत आमच्या मोहल्ल्यात कामाला येणारे चार लोक रोज असतात," आपा म्हणाल्या. "माझ्या शाळेत शिकलेली पोरं असतात. तू जिथं सांगितलं, तिथंच जाऊन सांग. मला सॉरी नको."

संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीत बसलो. टोळकं होतंच. मला बघितल्या बघितल्या एकानं विचारलं, "काय बे, तुयी मास्तरीण काय म्हणते?" मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तारा, माईक, लाल, पांढरी. सांगताना मलाच जाणवत होतं की गोष्ट रंगत नाहीये. सोल्डरिंगवर कुणी हसत नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत दोघं पेंगायला लागले.

"म्हणजे बाई खरंच लिहून राहिली होती?" एकानं विचारलं.

"हो. माझीच चूक."

"जाऊ दे नं बे. पहिली इस्टोरी मस्त होती. ते पेनाचं करून दाखव."

"अरे पण ती खोटी होती!"

"असन. तू दाखव तं खरं."

पलीकडच्या बाकावरून एक अनोळखी माणूस वळून म्हणाला, "कोणती मास्तरीण? ते पेपर स्वतःच सोडवते ते?" म्हणजे माझी नक्कल माझ्या आधीच त्या बाकापर्यंत पोचली होती, आणि माझा खुलासा दोन फुटांवर गाडीच्या खडखडाटात मरत होता. मी त्या माणसाजवळ जाऊन बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं बरोबर असन साहेब, पण बाईत काही तरी असल्याशिवाय लोक बोलत नाहीत." लोक! मीच होतो तो, बाबा, एकटा मी!

दुसऱ्या दिवशी खोलीवर पोचलो तेव्हा आपा माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. बाजारातून तयार पिन आणून त्यांनी ती स्वतःच लावली होती.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मानलं का लोकांनी?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही," मी म्हणालो.

"मग आज परत सांग. उद्याही सांग." त्यांनी हेडफोन ओढणीवरून कानाला बसवला आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तुझ्या मौनवाल्या बाया तेवढ्या पहिल्यापासून लिहून काढ. ती ज्वारीवाली पहिले. अन् मधात थांबू नको, दोनला लाईट जाते."